वाचक विचारतात: झेंडा, जाळपोळ आणि बोलायची मोकळीक

ऑगस्ट सरला की झेंड्याबद्दलची पत्रं येतातच, पण यंदा जरा जास्तच आली आणि नुसती माहिती विचारणारी नाहीत, काही पत्रांत घरातली भांडणं आहेत, काहींत भीती आहे. त्यातली पाच घेतलीयेत. कुणाचंही नाव छापलेलं नाही.

प्रश्न: ताई, माझा मुलगा लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. सासरे सैन्यातून रिटायर झालेत, वय ८१. परवा जेवताना मुलगा बोलून गेला की अमेरिकेत स्वतःच्या देशाचा झेंडा जाळला तरी शिक्षा होत नाही, ते खरं फ्रीडम, आपल्याकडे कुठे आहे तसं. सासरे भरल्या ताटावरून उठले. चार दिवस झाले दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत. मुलगा म्हणतोय ते खरं आहे का? आणि मी कोणाला काय सांगू? (एक आई, मुलुंड)

उत्तर: ताई, आधी खरंखोटं बघू, मग घरातलं.

अमेरिकेपुरतं बोलायचं तर मुलगा बरोबर आहे. १९८४ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहरात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन चालू होतं आणि बाहेर निदर्शनं, त्यात ग्रेगरी ली जॉन्सन नावाच्या माणसाने सिटी हॉलसमोर अमेरिकेचा झेंडा रॉकेल ओतून पेटवला. टेक्सासच्या कायद्याने त्याला एक वर्ष कैद आणि २००० डॉलर दंड झाला, मग केस वर वर जात १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टात पोचली आणि तिथे ५ विरुद्ध ४ मतांनी जॉन्सन सुटला. जस्टिस ब्रेनन यांनी निकालात जे मांडलं त्याचा गाभा असा की एखादी गोष्ट लोकांना कितीही झोंबली तरी तेवढ्यावरून सरकारला ती बंद करता येत नाही, आणि त्या दिवशी कोणाला खरचटलंही नव्हतं, दंगल झाली नव्हती.

पण नऊ जजपैकी चौघांना हे पटलं नव्हतं, ते पण मुलाला सांगा. त्याच वर्षी तिथल्या संसदेने झेंड्यासाठी नवा कायदा केला, तो पण १९९० मध्ये कोर्टाने ५-४ नेच उडवला. मग घटनाच बदलू म्हणून बरीच वर्षं खटपट झाली आणि २००६ मध्ये सिनेटमध्ये ६६ विरुद्ध ३४ असं मतदान होऊन, लागणाऱ्या दोन तृतीयांश मतांना एक कमी पडलं म्हणून दुरुस्ती हुकली. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात जो वाद झाला तो तिकडेही तितकाच जिवाला लावून घेतलेला वाद आहे.

आपल्याकडे १९७१ चा राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध कायदा आहे. सार्वजनिक जागी किंवा लोकांना दिसेल अशा ठिकाणी तिरंगा किंवा संविधान जाळणं, फाडणं, तुडवणं, त्याची विटंबना करणं याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आपलं संविधान बोलायचं स्वातंत्र्य देतं आणि त्याच कलम १९ मध्ये त्यावर कुठल्या कारणांनी बंधन घालता येईल तेही लिहून ठेवतं: देशाची अखंडता, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सभ्यता, बदनामी, कोर्टाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी. अमेरिकेच्या घटनेत अशी यादीच नाहीये. आपल्याकडची यादी पण सुरुवातीला इतकी लांब नव्हती, मुंबईतून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' नावाच्या इंग्रजी साप्ताहिकावर मद्रास सरकारने बंदी घातली होती, रोमेश थापर सुप्रीम कोर्टात गेले आणि १९५० मध्ये जिंकले, तेव्हा कोर्टाने म्हटलं की नुसत्या सुव्यवस्थेच्या नावाखाली पेपर अडवता येणार नाही, तशी तरतूदच नाही. त्यानंतर वर्षभरात, १९५१ मध्ये, पहिली घटनादुरुस्ती झाली आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे शब्द यादीत आले, सोबत बंधन 'वाजवी' असलं पाहिजे हा शब्द पण आला. फाळणीच्या आगीतून नुकताच बाहेर आलेला देश होता तो, त्यामुळे ती माणसं का घाबरली हे मला कळतं, सगळं पटतं असं मात्र नाही.

आता तुमच्या मुलाला एक गोष्ट सांगायला हवी जी अमेरिकेतून आणावी लागत नाही. जाळून निषेध करणं ही आपल्या मातीतलीच भाषा आहे. ३१ जुलै १९२१ ला, टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, इथे परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींनी परदेशी कपड्यांची होळी पेटवली. आणि रवींद्रनाथांनी त्याला उघड विरोध केला, ज्या देशात माणसांच्या अंगावर धड कपडा नाही तिथे कपडे कसले जाळता म्हणून. दोघांनी लेख लिहून एकमेकांना उत्तरं दिली आणि एकमेकांबद्दलचा आदर तसूभर कमी होऊ दिला नाही. सहा वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृतीचं दहन केलं, आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. त्या दिवशी जे जाळलं ते कितीतरी लोकांसाठी पवित्र होतं, त्यांच्या भावना दुखावल्याच असणार, पण आज महाराष्ट्रात ते दहन अन्याय्य होतं असं म्हणणारा माणूस मला तरी माझ्या माणसांत सापडत नाही. त्यामुळे 'भावना दुखावल्या' एवढ्यावर कायद्याची रेघ ओढायची म्हटली तर महाड पण त्या रेघेच्या पलीकडे जातं, आणि ते मला कधीच मान्य होणार नाही.

मग तिरंग्याचं काय? मी तिरंगा जाळणार नाही, माझ्यासमोर कोणी जाळायला लागला तर मी त्याचा हात धरीन. ज्या झेंड्यासाठी १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात माणसं रांगेने तुरुंगात गेली, जो ९ ऑगस्ट १९४२ ला आपल्या गवालिया टँकवर अरुणा असफ अलींनी लाठ्या आणि अश्रुधुराच्या तोंडावर फडकवला, तो झेंडा तेव्हा सरकारच्या विरोधातला झेंडा होता ना, राज्यकर्त्यांना न आवडणारं बोलायची खूण होता. म्हणून तो जाळून सरकारला विरोध करणं मला समजतच नाही, जाळणारा माणूस आपलंच हत्यार मोडतोय असं वाटतं. पण त्यासाठी तीन वर्षं तुरुंग हे मला जड वाटतं आणि हे मी वकिलीची इतकी वर्षं घालवून, शांतपणे लिहितेय. दंड करा, समज द्या, त्याच्याशी भांडा. कायदा आहे तोवर तो पाळायचाच, आणि बदलावासा वाटला तर तसं उघड म्हणायचं.

राहिले सासरे. ताई, ज्यांनी आपल्या सोबत्यांना त्या झेंड्यात गुंडाळून घरी पाठवलेलं बघितलं असेल त्यांच्यासमोर 'झेंडा म्हणजे काय, कापड' अशा सुरात बोलायचं स्वातंत्र्य नातवाला आहेच, पण ते त्यांना किती लागतं हे त्याला कळायला हवं. मुलाला सांगा, आजोबांना वाद घालायला जाऊ नकोस, आधी विचारायला जा. झेंडा हातात आला की त्यांना काय आठवतं ते विचार. आणि सासऱ्यांना सांगा की नातवाने झेंडा जाळायचा म्हटलेलं नाहीये, त्याने एक प्रश्न विचारलाय, आणि लॉच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोराने हे प्रश्न नाही विचारायचे तर कोणी विचारायचे!

प्रश्न: थिएटरमध्ये राष्ट्रगीताला मी उभा राहतो पण गात नाही, मला गाताच येत नाही हो. मागचा माणूस ओरडला, 'गा नाहीतर पाकिस्तानात जा.' न गाणं गुन्हा आहे का? (दादर)

उत्तर: नाही, दादा. १९८६ मध्ये केरळातल्या तीन शाळकरी भावंडांची केस सुप्रीम कोर्टात आली होती, त्यांच्या धर्मपंथात राष्ट्रगीत गायचं नाही असं मानतात, ती शांतपणे उभी राहायची पण गायची नाहीत म्हणून शाळेतून काढलेलं. कोर्टाने मुलांना परत घ्यायला लावलं, आदराने उभं राहणं पुरेसं आहे म्हणून. १९७१ च्या कायद्यात गुन्हा आहे तो दुसऱ्याला गाण्यापासून मुद्दाम अडवणं किंवा गाणाऱ्यांत गोंधळ घालणं. तेव्हा तुमच्या मागे बसलेल्या माणसाने राष्ट्रगीत चालू असताना आरडाओरडा केला असेल तर विचार त्याने करावा.

प्रश्न: आम्ही कॉलेजच्या मुली एका परदेशातल्या युद्धाविरुद्ध आझाद मैदानात निदर्शन करायचं म्हणतोय. ग्रुपमध्ये दोन मतं पडलीयेत, काहींना त्या देशाचा झेंडा जाळायचाय, काहींना त्या नेत्याचा पुतळा. आपल्या झेंड्यासाठी कायदा आहे हे माहितीये, परक्या झेंड्याचं काय? (कुर्ला)

उत्तर: मुलींनो, १९७१ चा कायदा फक्त भारताच्या राष्ट्रध्वजाबद्दल, संविधानाबद्दल आणि राष्ट्रगीताबद्दल बोलतो. परक्या झेंड्यासाठी आपल्याकडे असा वेगळा कायदा नाहीये. जगात गंमतशीर फरक आहेत बघा, डेन्मार्कमध्ये स्वतःचा झेंडा जाळलात तर गुन्हा नाही पण दुसऱ्या देशाचा जाळलात तर गुन्हा, जपानमध्ये पण दुसऱ्या देशाचा झेंडा त्या देशाचा अपमान करायला म्हणून खराब केला तर शिक्षा आहे. जर्मनीत परक्या झेंड्यांच्या सोबतीला २०२० मध्ये युरोपियन युनियनचा झेंडा पण कायद्याखाली आणला. म्हणजे डेन्मार्कसारख्या देशाला वाटतं की घरचं भांडण घरातलं, पण पाहुण्याचा अपमान झाला तर संबंध बिघडतात. आपल्या कलम १९ मध्ये पण 'परदेशांशी मैत्रीचे संबंध' हे शब्द आहेतच.

पण वेगळा कायदा नाही म्हणजे मोकळं रान असं समजू नका. मुंबईत पोलिस वेळोवेळी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई हुकूम काढतात आणि त्या कलमात माणसांच्या प्रतिमा, पुतळे यांचं प्रदर्शन थांबवायचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे, म्हणजे पुतळा जाळणं बऱ्याचदा तिथेच अडकतं. शिवाय गर्दीत उघडी आग हा वेगळा विषय, हयगयीने आग हाताळून कोणाच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम आहे. आणि जाळताना ज्या घोषणा द्याल त्यातून एखाद्या धर्माविरुद्ध द्वेष पसरला तर ती केस मात्र खरी गंभीर, तिथे 'आम्ही परदेशाबद्दल बोलत होतो' हे कोर्टात ऐकलं जाईलच असं नाही.

परवानगीसाठी आझाद मैदान पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करा, किती लोक, किती वेळ, स्पीकर आहे का, सगळं लिहा, पोच घ्या, अर्जाची कॉपी प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये ठेवा.

वकील म्हणून एवढंच. माणूस म्हणून विचाराल तर मी तुमच्या वयाची असताना पुतळा जाळणाऱ्या एका मोर्चात होते, विषय हुंड्याचा होता, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो जळणाऱ्या पुतळ्याचा, खाली दोन ओळी, आणि ज्या मुलीसाठी आम्ही गेलो होतो तिचं नाव सुद्धा कुठे नव्हतं. मला ते अजून लागतं. तुमच्याकडे त्या युद्धात मेलेल्या मुलांची नावं असतील तर ती मोठ्याने वाचा. मैदानावर उभं राहून तासभर नुसती नावं वाचली तर कोणाची हिंमत नाही तुम्हाला थांबवायची, आणि कोणी थांबवलंच तर मला फोन करा, संपादकांकडे नंबर आहे.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. आजकाल सोशल मीडियावर सरकारबद्दल, देशाबद्दल वाटेल ते लिहितात. हा पण झेंड्याचाच अपमान नाही का? इतकं स्वातंत्र्य हवंय कशाला? (गिरगाव)

उत्तर: सर, तुमच्या वयाचा आणि पेशाचा मान ठेवून, पण ठामपणे लिहिते. सरकार, देश आणि झेंडा या तीन गोष्टी आहेत आणि तुमच्या एका वाक्यात तिन्ही एक झाल्या. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

झेंड्याच्या कायद्यातच एक खुलासा जोडलेला आहे जो कोणी वाचतच नाही. सनदशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून संविधानावर, राष्ट्रध्वजावर किंवा सरकारच्या धोरणावर टीका केली, नापसंती दाखवली तर तो या कायद्याखाली गुन्हा नाही. सर, अगदी झेंड्यावर सुद्धा! 'तिरंग्याचे रंग बदला' असं सांगणारा लेख कोणी लिहिला तर मी तो वाचून चिडेन, पण लिहिणारा गुन्हेगार नाही. खुद्द बाबासाहेब १९५३ मध्ये राज्यसभेत रागाने म्हणाले होते की हे संविधान जाळायची वेळ आली तर पहिला मी असेन. ज्यांनी ते लिहिलं ते असं बोलू शकले आणि देश काही बुडाला नाही.

आता आपल्याच भागातलं. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे, आणि तिच्या मैत्रिणीने ते लाईक केलं. दोघींना अटक झाली. एकीने लिहिलं म्हणून आणि दुसरीने अंगठा दाबला म्हणून! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत अटक झाली, राजमुद्रेवरच्या सिंहांच्या जागी लांडगे काढले म्हणून, आणि त्याच्यावर राजद्रोहासोबत आपला हा १९७१ चा कायदा पण लावला होता. पुढे राजद्रोहाचं कलम मागे घेतलं, पण तोवर तो माणूस तुरुंगात जाऊन आला होता. झेंड्याचा मान राखायला केलेला कायदा चित्र काढणाऱ्यावर वापरला गेला, मला यात झेंड्याचा अपमान दिसतो.

पालघरच्या त्या अटकेनंतर श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्याचं कलम ६६-अ, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिलं म्हणून शिक्षा करणारं कलम, रद्द झालं. जस्टिस नरिमन यांनी त्यात एक फरक नीट समजावलाय जो मला वाटतं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात यायला हवा. एखाद्या विषयावर चर्चा करणं, मग त्याची बाजू लावून धरणं, आणि मग चिथावणी देणं. पहिल्या दोन गोष्टी कितीही कडू लागल्या तरी त्या बोलायच्या स्वातंत्र्यातच येतात, कायदा आत येऊ शकतो तो चिथावणीपाशी. १९६२ च्या केदारनाथ सिंग खटल्याच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात पण असंच होतं, सरकारवर कितीही जहाल टीका केली तरी हिंसेला चिथावणी नसेल किंवा दंगा माजवायचा हेतू नसेल तर तो राजद्रोह नाही.

सर, तुम्ही वर्गात पोरांना कधीतरी म्हणाला असालच, शंका असेल तर हात वर कर. ज्याचा हात वर यायचा तो पोरगा तुमचा शत्रू होता का? आणि शिव्या, खोट्या बातम्या, बायकांना धमक्या याबद्दल तुमचा राग असेल तर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे, त्यासाठी बदनामीचे, धमकीचे, विनयभंगाचे कायदे आहेत, ते वापरले जावेत, लवकर वापरले जावेत.

प्रश्न: ताई, आमचं मंडळ लालबागचं. १५ ऑगस्टला लावलेले झेंडे पावसाने खराब झालेत, दोन फाटलेत, शिवाय रस्त्यावरून पोरांनी गोळा केलेले कागदी झेंडे दोन पिशव्या आहेत. एक जण म्हणतो जाळा, दुसरा म्हणतो वेडा झालास का, आत टाकतील. गणपतीच्या गडबडीत पिशव्या तशाच पडल्यात. काय करू? (मंडळाचा कार्यकर्ता)

उत्तर: दादा, पहिल्यांदा त्या पोरांना माझ्याकडून शाबासकी द्या. आणि जाळा म्हणणारा बरोबर आहे. २००२ च्या ध्वजसंहितेत लिहिलंय की झेंडा फाटला किंवा मळला तर तो टाकून न देता खासगीत, पूर्णपणे नष्ट करावा, शक्यतो जाळून, किंवा झेंड्याचा मान राहील अशा दुसऱ्या कुठल्या पद्धतीने. कागदी झेंडे पण जमिनीवर टाकायचे नाहीत, त्यांचीही विल्हेवाट खासगीत आणि मानाने लावायची.

म्हणजे तीच आग, तोच झेंडा, एका ठिकाणी तीन वर्षं कैद आणि एका ठिकाणी कर्तव्य. वरच्या मुलुंडच्या ताईंच्या मुलाने हे पण वाचावं. डॅलसला त्या दिवशी जॉन्सनचं निदर्शन संपल्यावर बघ्यांपैकी एकाने जळलेल्या झेंड्याचे अवशेष गोळा केले, घरी नेले आणि आपल्या परसात पुरले. जस्टिस ब्रेनननी निकालात त्या माणसाची आठवण काढलीये, झेंडा जाळणाऱ्याला उत्तर द्यायचं तर ते असं, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या निकालात मला तो माणूस सगळ्यात जवळचा वाटतो. तुमची पिशव्या भरून आणणारी पोरं त्याच्याच जातकुळीतली.

आता कामाचं. जागा बंदिस्त हवी, चाळीची गच्ची नको, समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं आणि कोणीतरी अर्धा व्हिडिओ काढून टाकला की निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतील. तीन-चार जबाबदार माणसं असू द्या, मोबाईल बाहेर ठेवा. झेंडे आधी नीट वाळवा, ओले असले की अर्धवट जळतात. पूर्ण झेंडा घडी घालून ठेवायचा, कापून तुकडे करायचे नाहीत. खादीचे आणि सुती वेगळे काढा, कारण डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरचे झेंडे पण चालतात आणि पॉलिस्टर जळत नाही, वितळतं, थेंब थेंब गळतं, धूर वाईट, हात भाजतात. ते पॉलिस्टरचे घडी घालून स्वच्छ कापडात गुंडाळून पुरा, मान राहील अशी दुसरी पद्धत संहितेला चालते. कागदी झेंड्यांच्या काड्या आधी सोडवून घ्या, त्यात टाचण्या आणि स्टेपलच्या पिना असतात, राखेत राहिल्या तर कोणाच्या तरी पायात जातील.